विंडोजचा ड्राइव्ह लिनक्समध्ये उघडेना, उघडला तर निघेना: ड्युअल बूटवाल्या नवख्यांसाठी

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडे इंजिनिअरिंग आणि बीसीए करणारी बरीच पोरं एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकून घेतात. टॅली, डिजिटल सहीचं काम, घरच्यांच्या सवयीचं एक्सेल यासाठी विंडोज ठेवावं लागतं. प्रोग्रामिंग शिकायला लिनक्स हवं असतं. दोन-चार दिवस सगळं छान चालतं. मग फोन येतो, "दादा, डी ड्राइव्ह उघडी नही राहिना." त्या डी ड्राइव्हवर असतं काय? कॉलेजचा प्रोजेक्ट, बहिणीच्या लग्नाचे फोटो, वडिलांच्या केळीच्या बागेचा हिशोब. जीव घाबरा होणारच. आणि घाबरलेला माणूस नेटवर सापडेल तो आदेश टर्मिनलमध्ये चिकटवून बघतो. खरं नुकसान तिथे होतं.

म्हणून आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. बहुतेक वेळा ड्राइव्ह बिघडलेला नसतो. विंडोजने तो अर्धवट उघडा ठेवलेला असतो, आणि लिनक्स त्यावर लिहायला नकार देतं ते तुमचा डेटा वाचावा म्हणून. त्यामुळे उपायांचा क्रमही ठरलेला आहे: आधी विंडोजकडूनच ड्राइव्ह सोडवून घ्यायचा. लिनक्सकडून जबरदस्ती करायची ती सगळ्यात शेवटी, तीही फाइलींची प्रत काढून झाल्यावर.

खाली जिथे टर्मिनलचे आदेश आहेत तिथे ते देवनागरीत अक्षरं सुटी करून सांगितले आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा आणि ती जोडून लिहा. जिथे माउसने काम भागतं तिथे मी मुद्दाम माउसचाच रस्ता दिला आहे.

पायरी १: काय झालंय ते आधी बघा

लिनक्समध्ये सी, डी, ई अशी अक्षरं नसतात. प्रत्येक पार्टिशन एखाद्या फोल्डरला जोडलं जातं, त्यालाच माउंट करणं म्हणतात. उबुंटू किंवा मिंटमध्ये फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत ड्राइव्हवर क्लिक केलंत की तो 'मीडिया' नावाच्या फोल्डरखाली, तुमच्या यूजरच्या नावाने जोडला जातो. फेडोरामध्ये तीच जागा 'रन' फोल्डरच्या आत असते.

टर्मिनल उघडा आणि एल-एस-बी-एल-के, मग जागा सोडून वजाचिन्ह आणि एफ, असं टाइप करून एंटर दाबा. सगळ्या डिस्क आणि पार्टिशनची यादी येईल. ज्याच्यासमोर 'एनटीएफएस' (विंडोजची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) लिहिलंय ती विंडोजची पार्टिशनं. शेवटच्या रकान्यात फोल्डरचा पत्ता दिसत असेल तर ते माउंट झालेलं आहे, रिकामा असेल तर नाही. नवख्या माणसाने हा एक आदेश पाठ करून ठेवावा. यात काहीच बदलत नाही, फक्त दिसतं.

आता ड्राइव्हवर क्लिक करा आणि येणारा संदेश पूर्ण वाचा. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, कारण लोक 'एरर आली' एवढंच सांगतात आणि उपाय तर त्या एररमध्येच लिहिलेला असतो. साधारण चार प्रकार दिसतात. 'अनक्लीन फाइल सिस्टिम' किंवा 'मेटाडेटा केप्ट इन विंडोज कॅश' असं असेल तर विंडोज पूर्ण बंद झालेलं नाही. सरळ पायरी २ घ्या. ड्राइव्ह उघडतो, फाइली दिसतात, पण नवीन काही सेव्ह होत नाही आणि 'रीड-ओन्ली' म्हणतो, तर बहुधा तेच कारण. 'व्हॉल्यूम इज डर्टी' असेल तर पायरी २ करून मग पायरी ३. आणि 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' हा लांबलचक संदेश वाचून हातपाय गाळू नका. माउंट का झालं नाही हे नेमकं कळलं नाही तरी लिनक्स हेच वाक्य दाखवतं. त्याचीही सुरुवात पायरी २ पासूनच.

पायरी २: विंडोज खरोखर बंद करा

इथे जरा थांबून समजून घ्या, कारण हे कळलं की पुढचा निम्मा त्रास संपतो.

२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आणि ती १० आणि ११ मध्येही आहे. तुम्ही शट डाउन दाबता तेव्हा तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची मेमरी सी ड्राइव्हवर 'हायबरफिल डॉट सिस' या फाइलीत उतरवून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी ती तशीच उचलली जाते, म्हणून विंडोज पटकन उघडतं. त्या मेमरीत ड्राइव्हवर कुठली फाइल कुठे आहे याचा विंडोजच्या डोक्यातला नकाशाही असतो. अडतीवरच्या मुनीमजींनी खतावणीतल्या नोंदी डोक्यात ठेवून, वही उघडीच टाकून घरी जावं, मध्ये दुसऱ्याने त्याच पानावर नव्या नोंदी कराव्यात आणि सकाळी मुनीमजींनी काही न बघता आपल्या आठवणीप्रमाणे पुढे लिहावं, तसं होतं. दोघांच्याही नोंदी एकमेकींवर चढतात. लिनक्स ही वेळ येऊच देत नाही. वही उघडी दिसली की ते लेखणी खाली ठेवतं.

तात्पुरता उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये जा आणि तिथून रीस्टार्ट करून लिनक्स निवडा. रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं, फास्ट स्टार्टअप लागू होत नाही. बंदच करायचं असेल तर कीबोर्डवर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा. तेही पूर्ण बंद करणं आहे. विंडोजमधून लिनक्सकडे जाताना नेहमी रीस्टार्ट, एवढी सवय लागली तरी भागतं.

पण घरात लॅपटॉप एकट्याचा नसतो. धाकटा भाऊ गेम खेळून नुसतं शट डाउन करून उठतो. म्हणून कायमचा उपाय करून टाका:

१. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल उघडा, त्यात पॉवर ऑप्शन्स.

२. डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' वर क्लिक करा.

३. वरच्या बाजूला 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' दिसेल. ते दाबल्याशिवाय खालच्या चौकटी फिक्या राहतात. ॲडमिनचा पासवर्ड मागितला तर द्या.

४. 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढा आणि सेव्ह चेंजेस दाबा.

५. आता एकदा शट डाउन करा, मशीन पूर्ण बंद होऊ द्या, मग लिनक्स सुरू करा.

ती चौकट दिसतच नसेल तर तुमच्या मशीनवर हायबरनेशन आधीच बंद आहे, म्हणजे फास्ट स्टार्टअपही नाही. विंडोजचं मोठं अपडेट झालं की एकदा तिथे डोकावत जा. खूण परत लागलेली सापडू शकते. आणि स्वतः 'हायबरनेट' करून लिनक्समध्ये जाऊ नका, परिणाम तोच होतो. बाहेरून लावलेली हार्ड डिस्क विंडोज बंद करताना जोडलेली असेल तर तीही याच फेऱ्यात अडकू शकते, त्यामुळे ती आधी 'सेफली रिमूव्ह' करून काढा.

पायरी ३: तरीही 'डर्टी' म्हणतोय

आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये लाईट कधी जाईल याचा नेम नाही. यूपीएस नसलेला डेस्कटॉप धाडकन बंद पडला की एनटीएफएस पार्टिशनवर 'डर्टी' अशी खूण राहते. अर्थ एवढाच की शेवटचं काम पूर्ण झालं की नाही याची खात्री नाही, तपासून घ्या. तपासायचं विंडोजमध्ये, कारण एनटीएफएस मायक्रोसॉफ्टचीच आहे आणि तिची पूर्ण दुरुस्ती करणारं साधन विंडोजमध्येच आहे.

विंडोजमध्ये 'धिस पीसी' उघडा, डी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, आणि तिथे 'चेक'. 'तपासायची गरज नाही' असं म्हटलं तरी स्कॅन करून घ्या. कमांड प्रॉम्प्टची सवय असेल तर तो ॲडमिन म्हणून उघडून चेक डिस्क चालवा: सी-एच-के-डी-एस-के, जागा, डी आणि विसर्गासारखी दोन टिंबं, जागा, तिरकी रेघ आणि एफ. एफ ऐवजी आर लिहिलं तर ते खराब जागा शोधत पूर्ण डिस्क वाचत बसतं, मोठ्या हार्ड डिस्कला कित्येक तास लागतात. पहिल्या झटक्यात त्याची गरज नाही. कधी विंडोज सुरू होतानाच 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह' असं येतं. ते होऊ द्या, कंटाळून पॉवर बटण दाबू नका.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा 'इनपुट-आउटपुट एरर' दिसत असेल तर मात्र दुरुस्ती चालवूच नका. ती डिस्क मरायला टेकली आहे, आणि चेक डिस्क तिला अजून राबवेल. आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवा.

विंडोजच सुरू होत नसेल तर

अशा वेळी ड्राइव्ह फक्त वाचण्यासाठी माउंट करा. सूडो (एस-यू-डी-ओ, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालवा) माउंट, मग वजाचिन्ह आणि ओ, जागा, आर-ओ, त्यापुढे पार्टिशनचं नाव आणि रिकाम्या फोल्डरचा पत्ता. 'आर-ओ' म्हणजे रीड-ओन्ली. फाइली वाचता येतात, लिहिलं काहीच जात नाही, म्हणून धोका नाही. आधी सगळं महत्त्वाचं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या.

त्यानंतरच 'एनटीएफएस फिक्स' चा विचार करा. हा लिनक्समधला आदेश नेटवर पहिला उपाय म्हणून सांगितला जातो, ते मला पटत नाही. तो काही थोड्या चुका दुरुस्त करतो, जर्नल (ड्राइव्हवर चाललेल्या बदलांची नोंदवही) रिकामं करतो आणि पुढच्या वेळी विंडोजने तपासणी करावी अशी नोंद ठेवतो. चेक डिस्कची जागा तो घेऊ शकत नाही. त्याहून घातक म्हणजे 'रिमूव्ह हायबरफाइल' हा माउंटचा पर्याय. तो विंडोजची साठवलेली मेमरी सरळ पुसतो आणि त्यात न सेव्ह केलेलं जे काही असेल ते कायमचं जातं. विंडोज परत कधीच उघडणार नाही अशी खात्री असेल तरच. ड्राइव्हला 'फोर्स' करून माउंट करायचा सल्लाही त्याच रांगेतला समजा.

ड्राइव्ह पासवर्ड किंवा की मागतोय

पायरी १ च्या यादीत एनटीएफएसऐवजी 'बिटलॉकर' दिसत असेल तर ड्राइव्ह कुलूपबंद आहे. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे आपोआप चालू होऊ शकतं, मालकाला पत्ताही नसतो. हल्लीच्या लिनक्समध्ये ड्राइव्हवर क्लिक केल्यावर येणाऱ्या चौकटीत ४८ अंकी रिकव्हरी की टाकून तो उघडता येतो. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लिनक्स टाकायच्या आधी ती उतरवून कागदावर लिहून ठेवा, कारण बूटच्या सेटिंगला हात लावल्यावर विंडोज स्वतःही ती मागू शकतं.

पायरी ४: दर वेळी माउंट करायचा कंटाळा

लॅपटॉपच्या आतल्या ड्राइव्हवर क्लिक केलं की काही लिनक्स पासवर्ड मागतात, आणि मशीन बंद करून चालू केलं की ड्राइव्ह पुन्हा सुटलेला असतो. गाण्यांची यादी रिकामी दिसते, डेस्कटॉपचं चित्र गायब होतं. लोकांना वाटतं फाइली उडाल्या. उडालेल्या नसतात, ड्राइव्ह जोडलेला नसतो एवढंच.

'डिस्क्स' नावाचा प्रोग्राम उघडा. डावीकडे डिस्क, उजवीकडे डीचं पार्टिशन निवडा. आकार बघून खात्री करा. दातेरी चाकाच्या चिन्हावर क्लिक करून 'एडिट माउंट ऑप्शन्स' घ्या, सर्वांत वरचं 'यूजर सेशन डिफॉल्ट्स' बंद करा आणि 'माउंट ॲट सिस्टिम स्टार्टअप' चालू ठेवा. 'आयडेंटिफाय ॲज' मध्ये यूयूआयडी (पार्टिशनचा स्वतःचा ओळख क्रमांक) असलेला पर्याय निवडा. दुसरी डिस्क लावल्यावर पार्टिशनचं नाव बदलू शकतं, यूयूआयडी तोच राहतो.

तिथेच पर्यायांच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द आहे का ते डोळ्यांत तेल घालून बघा. सहसा तो असतोच, पण नेटवरून उतरवलेली ओळ चिकटवताना तो निसटतो. तो नसेल आणि कधी ड्राइव्ह माउंट झाला नाही, तर लिनक्स सुरू होताना दीड मिनिट वाट बघतं आणि मग काळ्या पडद्यावर 'इमर्जन्सी मोड' मध्ये टाकतं. नवख्या माणसाला वाटतं सगळं संपलं. 'नोफेल' असलं की ड्राइव्ह नसला तरी बाकीचं मशीन सुरळीत उघडतं.

फाइली दिसतात पण त्यावर लिहिता येत नाही, आणि विंडोज तर नीट बंद केलंय, अशी अडचण आली तर त्याच ओळीत स्वल्पविराम देऊन 'यूआयडी बरोबर १०००' आणि 'जीआयडी बरोबर १०००' जोडा, जागा न सोडता, अंक इंग्रजीतले. हा आकडा बहुतेक मशीनवर पहिल्या यूजरचा असतो; टर्मिनलमध्ये आय-डी टाइप केलंत की तुमचा दिसेल. बदल केल्यावर लगेच रीस्टार्ट करू नका. सूडो माउंट, वजाचिन्ह आणि ए, हा आदेश चालवून बघा. काही बोलला नाही तर ओळ बहुधा बरोबर आहे.

सी ड्राइव्ह मात्र असा कायमचा जोडू नका. तिथे विंडोज राहतं. एका चुकीच्या डिलीटने ते बंद पडेल. सामायिक फाइलींसाठी डी पुरेसा आहे.

पायरी ५: ड्राइव्ह काढायचा कसा

माउंटपेक्षा अनमाउंटमध्ये जास्त डेटा जातो, असं माझं ठाम मत आहे, कारण माउंट होत नाही तेव्हा माणूस थांबतो, आणि अनमाउंट होत नाही तेव्हा तो पेनड्राइव्ह सरळ उपटतो.

आपल्याकडे अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करणारी बरीच पोरं आहेत. एक समोर घडणारं उदाहरण घ्या. शूटिंगचा ३ जीबीचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर टाकला. कॉपीची हिरवी पट्टी काही सेकंदांत पूर्ण. प्रत्यक्षात लिनक्सने तो व्हिडिओ रॅममध्ये घेतलाय आणि मागच्या मागे पेनड्राइव्हवर उतरवतंय. स्वस्त पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबीने लिहीत असेल तर ३ जीबीला सहा मिनिटांहून जास्त लागतात. पट्टी संपली म्हणून लगेच उपटला, तर एडिटरकडे पोहोचल्यावर फाइलीचं नाव आणि आकार दिसेल, पण व्हिडिओ मधेच तुटेल.

म्हणून फाइल मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावाशेजारच्या वर तोंड केलेल्या बाणावर क्लिक करा आणि वाट बघा. 'डेटा लिहिला जातोय, काढू नका' अशा अर्थाची सूचना येईल आणि काम झालं की 'आता काढता येईल' अशी दुसरी. पेनड्राइव्हवरचा दिवा लुकलुकत असेल तोवर हात लावायचा नाही. टर्मिनलमधून करायचं तर आधी एस-वाय-एन-सी चालवा. उरलेलं सगळं लिहून झाल्यावरच तो परत येतो. नंतर सूडो यू-माउंट. लिहिताना यू नंतर एन येत नाही, आणि तो टाकल्यामुळेच 'कमांड नॉट फाउंड' येतं.

आता 'टार्गेट इज बिझी' म्हणाला तर. कुठला तरी प्रोग्राम त्या ड्राइव्हवरची फाइल धरून बसलाय. क्रमाने बघा: व्हिडिओ प्लेअर थांबवलाय की बंद केलाय? लिब्रे ऑफिसमध्ये तिथली एखादी फाइल उघडी आहे का? टॉरेंट चालू आहे का? आणि हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे एखादं टर्मिनल त्याच ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये उभं आहे का? तिथे नुसतं सी-डी टाइप करून एंटर दाबलं तरी ते घरच्या फोल्डरवर परत जातं आणि ड्राइव्ह मोकळा होतो.

तरी सापडत नसेल तर एफ-यू-एस-ई-आर, जागा, वजाचिन्ह व्ही-एम, जागा, आणि ड्राइव्हच्या फोल्डरचा पत्ता, हे सूडोसकट चालवा. कोणता प्रोग्राम अडून बसलाय त्याचं नाव येईल. तो त्याच्या खिडकीतून नीट बंद करा. याच आदेशाला के जोडलं की तो सगळ्यांना एका फटक्यात मारतो, न सेव्ह केलेल्या कामासकट, ते नको. तसंच यू-माउंटला वजाचिन्ह एल जोडायचा सल्ला मिळेल. त्याने ड्राइव्ह यादीतून दिसेनासा होतो, पण मागे लिहिणं चालूच असतं. तो दिसत नाही म्हणून उपटलात तर फाइली जाऊ शकतात. काहीच जमलं नाही तर लिनक्स सरळ शट डाउन करा. बंद होताना ते सगळं लिहून, ड्राइव्ह सोडूनच बंद होतं.

फॉरमॅट आणि फाइलींची नावं

दोन्हीकडे चालवायचा पेनड्राइव्ह एक्सफॅट केला तर सोयीचं. एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, त्यामुळे शूटिंगच्या कामाचा तो नाही. पण आतल्या डी ड्राइव्हला एक्सफॅट करू नका. त्यात जर्नल नसतं, आणि लाईट जाण्याचा त्रास असलेल्या घरात एनटीएफएसच बरी. लिनक्सची स्वतःची ईएक्सटी४ विंडोजला थेट वाचता येत नाही. विंडोज अशा पार्टिशनला 'फॉरमॅट करायचं का' असं विचारू शकतं. तिथे कॅन्सल दाबायचं, आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवायचं.

लिनक्समधून डीवर फाइल सेव्ह करताना नावात प्रश्नचिन्ह, तारा, दोन टिंबं, उभी रेघ, अवतरणचिन्ह टाकू नका. लिनक्स ते नाव घेऊ शकतं, विंडोजला मात्र ती फाइल उघडताही येत नाही आणि पुसताही येत नाही. वेळ लिहायची सवय असेल तर 'हिशोब १०:३०' ऐवजी 'हिशोब १०-३०' लिहा. अशी फाइल आधीच तयार झाली असेल तर लिनक्समध्ये जाऊन तिचं नाव बदला, विंडोजमध्ये ती लगेच उघडेल.